गावचे लघुपट मंडळ



सिनेमा आपण सर्वांनी पाहिला आहे. कोणी जत्रेतल्या तंबूत पाहिला, कोणी तालुक्याच्या टॉकीजमध्ये. आता तर तो घरोघरी मोबाईलवरही दिसतो. पण सिनेमा करतो कोण? असे विचारले तर तुम्ही म्हणाल, "मुंबईचे मोठे लोक करतात. आपले काम बघायचे."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. शेतात राबणारे, माग चालवणारे, भाजी विकणारे लोकही सिनेमा करतात. तो लांबलचक नसतो. पाच, दहा किंवा वीस मिनिटांचा असतो. अशा लहान चित्रपटाला लघुपट म्हणतात. चार माणसे एकत्र येऊन लघुपट पाहतात, त्यावर बोलतात आणि स्वतःही लघुपट करतात. त्यांच्या मंडळाला लघुपट मंडळ म्हणावे. भजनी मंडळ असते ना, तसेच हे.

आजच्या पाठात अशा हौशी माणसांची माहिती घेऊ.

वाटाण्याचे रोप

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर आहे. तिथे १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. त्यांनाच लोक दादासाहेब फाळके म्हणतात. सिनेमा करावा असे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते. १९१२ साली ते विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. पण चित्रपटाला पैसा लागतो. सावकार म्हणत, "हे जमेल कशावरून?"

फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा कुंडीपुढे पक्का बसवला. थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. असे बरेच दिवस केले. मग ती सारी चित्रे भराभर पडद्यावर दाखवली. बघता बघता मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, रोप वाढले! पाहणाऱ्यांना ती जादूच वाटली. त्यानंतर पैसा उभा राहिला.

१९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवला गेला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या स्वयंपाक्याने तारामती केली. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून सर्वांचे जेवण रांधण्यापर्यंत सारी कामे करीत.

पाहा, आपल्या देशातल्या या पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या आधी एक लघुपट होता, आणि त्यातला नायक होता वाटाणा!

चित्र हलते कसे?

खरे म्हणजे चित्र हलत नाही. सिनेमात एका सेकंदात साधारण २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा किंचित वेगळे असते. ती इतकी भराभर जातात, की आपल्याला सलग हालचाल दिसते. आता हिशेब करा. सेकंदाला २४, तर एका मिनिटाला किती? १,४४० चित्रे! पूर्वी ही चित्रे फिल्मच्या पट्टीवर उमटत. फिल्म महाग असे. आता मोबाईलमध्येच कॅमेरा असतो. यंत्र स्वस्त झाले आहे. पण काय दाखवायचे आणि का दाखवायचे, हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते.

एकत्र पाहणे

१९४७ साली कोलकात्यात काही तरुणांनी चित्रपट मंडळ काढले. त्यांत सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता होते. राय तेव्हा जाहिरातींची चित्रे काढण्याची नोकरी करीत. ही मंडळी देशोदेशीचे चित्रपट मिळवीत आणि एकत्र पाहत. मग वाद घालीत. हे चांगले का? ते फसले कुठे?

पाहता पाहता राय यांना वाटले, आपणही करावा. सुटीच्या दिवशी चित्रण सुरू झाले. पैसे संपले की काम थांबे. पत्नीचे दागिने गहाण पडले. कॅमेरा चालवणारे सुब्रत मित्र अवघे एकवीस वर्षांचे. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा त्याआधी कधी चालवला नव्हता! तो चित्रपट 'पथेर पांचाली' १९५५ साली पुरा झाला आणि जगभर नावाजला गेला. खेड्यातल्या एका गरीब घराची ती गोष्ट आहे.

मुंबईतही १९६८ साली 'प्रभात चित्र मंडळ' निघाले. नीट पाहायला शिकणे ही करायला शिकण्याची पहिली पायरी आहे. आपणही आधी अक्षर ओळखायला शिकलो, मग गिरवायला लागलो.

अक्षर येत नाही, म्हणून काय झाले?

अहमदाबादेत कष्टकरी बायांची 'सेवा' नावाची संघटना आहे. ती १९७२ साली इला भट्ट यांनी उभी केली. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बाया तिच्या सभासद झाल्या. १९८४ साली तिथे काही बायांना व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकवले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण हात कामाला सरावलेले होते, नजर पक्की होती. त्या कॅमेरा धरायला शिकल्या, आवाज घ्यायला शिकल्या. स्वतःच्या कामाचे आणि अडचणींचे चित्रपट त्यांनी केले. या कामाला 'व्हिडिओ सेवा' असे नाव पडले.

एरवी या बायांविषयी दुसरेच कोणीतरी बोलत असे. आता त्या स्वतः बोलू लागल्या. एका गावच्या बाईचे म्हणणे दुसऱ्या गावच्या बाईने ऐकले. "अगं, हे तर माझ्यासारखंच!" असे तिला वाटले. एकटेपणा गेला, की माणसाला धीर येतो.

मालेगावचे शोले

आता पुन्हा नाशिक जिल्ह्यात येऊ. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. माग रात्रंदिवस खडखडत असतात. शुक्रवारी माग बंद, म्हणून त्या दिवशी सिनेमाला गर्दी. तिथे नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओवर सिनेमे दाखवीत. दाखवता दाखवता ते करायलाही लागले. २००० च्या सुमारास त्यांनी मित्रांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला.

लग्नाचे चित्रण करतात तसला कॅमेरा आणला. नट सारे गावचेच. कॅमेरा सरकत न्यायला मोठे लोक रूळ टाकतात. इथे सायकल वापरली! उंचावरून चित्र घ्यायला बैलगाडीचा उपयोग केला. गावचे लोक पोट धरून हसले. आपलीच गल्ली, आपलीच बोली आणि आपलाच शेजारी डाकू झालेला!

पुढे त्यांनी 'सुपरमॅन' करायला घेतला. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा हडकुळा तरुण सुपरमॅन झाला. हा मालेगावचा सुपरमॅन तंबाखूच्या व्यसनाशी लढतो. तो आकाशात उडाला कसा? मागे हिरवे कापड धरले आणि त्यापुढे चित्र घेतले. मग संगणकावर हिरवा रंग काढून तिथे आकाश बसवले. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला. काम अडले. तो दुरुस्त करून पुन्हा सुरुवात केली.

या मंडळींवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली एक माहितीपट केला. त्यामुळे मालेगावचे नाव देशाबाहेर गेले. शफीक पुढे कर्करोगाने आजारी पडला आणि २०११ साली वारला. त्याचे आयुष्य थोडे होते. पण ज्या गावात तो माग चालवत होता, तिथल्या पोरांनी त्याला आकाशात उडताना पाहिले आहे. २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट थिएटरात लागला. तो याच मित्रांच्या गोष्टीवर आहे.

माझी गोष्ट

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. पण पाठ खरा असावा, म्हणून सांगतो.

मी हेडमास्तर होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. गावात चार जणांनी लघुपट मंडळ काढले. एक टेम्पो चालवणारा, एक शिंप्याच्या दुकानातला, एक शेती करणारा आणि एक शिकवणी घेणारी लेक. महिना वीस रुपये वर्गणी. पडदा म्हणजे धुतलेले धोतर.

ती पोरे माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, शाळेची सकाळ टिपायची आहे." मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून आलो!

सातवीत एक मुलगी होती. ती रोज उशिरा येई. मी तिला रोज दाराबाहेर उभी करी. शिस्त म्हणजे शिस्त. त्या दिवशीही केली.

महिन्याने चावडीपुढे पडदा लागला. लघुपट सहा मिनिटांचा. सुरुवातीला अंधार आणि हंड्याचा आवाज. ती मुलगी पाण्याला निघाली आहे. दोन खेपा. मग भावाचे तोंड धुते, त्याला अंगणवाडीत पोचवते. मग ओढा. गुडघाभर पाणी. दप्तर डोक्यावर. पलीकडे आल्यावर ती धावू लागते. आणि मग शाळेचे दार. दारात इस्त्रीचा सदरा. बोट बाहेर दाखवणारा माझाच हात.

कोणी हसले नाही. कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही. मी खाली मान घालून बसलो. चौतीस वर्षे मी हजेरी घेत होतो. पण मूल कुठून चालत येते, हे मी एकदाही जाऊन पाहिले नव्हते.

त्या मुलीची आई मागे उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्हाला खाली बघायला लावावं म्हणून नाही केलं हो. पोरीची सकाळ कुणाला दिसत नव्हती, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला दाराबाहेर उभी केली नाही. चुकलेला धडा मधल्या सुटीत शिकवू लागलो. ग्रामसभेत ओढ्यावर साकव घालण्याचा विषय निघाला. साकव लगेच झाला नाही. मध्ये तीन पावसाळे गेले. पण झाला.

जे काढून टाकले

याच लघुपटातली आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. पोरांनी त्या घरात एक चित्र घेतले होते. बाप दारू पिऊन ओसरीवर पडला आहे आणि मुलगी त्याला ओलांडून हंडा घेऊन जाते आहे. पोरे म्हणत होती, "सगळ्यात भारी चित्र तेच आहे!"

पण त्यांनी आधी आईला सारे दाखवले. ती म्हणाली, "चूल दाखवा, ओढा दाखवा. पण यांना दाखवू नका. तुम्ही पडदा गुंडाळून घरी जाल. मला उद्याही याच घरात राहायचंय."

मंडळात वाद झाला. शेवटी ते चित्र काढून टाकले. बरोबर केले. दुसऱ्याचे दुःख आपल्या टाळ्यांसाठी नसते. लिहिताना जसे आपण शब्द खोडतो, तसे इथेही खोडता आले पाहिजे.

तुम्हाला करायचा असेल तर

१. विषय जवळचा घ्या. विहीर, रेशनची रांग, आजीचे औषध, बैलांचा बाजार.

२. गोष्ट आधी कागदावर लिहा. तुम्हाला आता लिहिता येते. चार ओळीही पुरेत.

३. मोबाईल आडवा धरा. हात हलू देऊ नका. भिंतीला किंवा खांबाला टेका.

४. उजेड माणसाच्या तोंडावर पडू द्या. उजेड पाठीमागे असेल तर तोंड काळे दिसते.

५. बोलणाऱ्याच्या जवळ जा. वारा आणि पंपाचा आवाज टाळा.

६. ज्याचे चित्र घ्याल, त्याला आधी विचारा. मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारा. पुरा झाला की आधी त्यांना दाखवा, मग गावाला.

७. पाहून झाल्यावर लगेच उठू नका. अर्धा तास बोला. जे एरवी बोलत नाहीत, त्यांना आधी बोलू द्या.

मंडळी, अक्षर शिकल्याने आपल्याला दुसऱ्याचे म्हणणे वाचता येते आणि आपले म्हणणे मांडता येते. लघुपटाचेही तसेच आहे. नीट पाहणे हीसुद्धा साक्षरताच आहे. ती मला साठीच्या उंबरठ्यावर आली. तुम्हाला लवकर येवो.

शब्दांचे अर्थ

हौशी – पैशासाठी नव्हे, आवडीने काम करणारा
वर्गणी – सर्वांनी मिळून दिलेला पैसा
माहितीपट – खऱ्या माणसांची, खऱ्या घटनांची माहिती देणारा चित्रपट
साकव – ओढ्यावरचा लहान पूल

प्रश्न

१. फाळक्यांनी वाटाण्याचे रोप पडद्यावर कसे वाढवले?
२. पाच मिनिटांच्या लघुपटात किती चित्रे लागतील? हिशेब करा.
३. मालेगावच्या मंडळींनी सायकल कशासाठी वापरली?
४. आईने एक चित्र काढायला का सांगितले? तुम्ही मंडळात असता तर काय म्हणाला असता?

करून पाहा

तुमच्या गावात कोणाची सकाळ कोणालाच दिसत नाही? विचार करा आणि पाच ओळी लिहा.