प्रमाणपत्रे तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र
आयएसओ ९००१ काय सांगते आणि काय सांगत नाही

परदेशातील रुग्णालयात नोकरी मिळवू पाहणाऱ्या नर्सची गाठ प्रथम रुग्णालयाशी नव्हे, तर कागदपत्रे तपासणाऱ्या संस्थेशी पडते. तिथे शुल्क भरावे लागते, महाविद्यालयाकडून आणि नर्सिंग कौन्सिलकडून कागद पाठवावे लागतात आणि मग निकालाची वाट पाहावी लागते. अशा संस्थेच्या माहितीपत्रकावर 'आयएसओ ९००१ प्रमाणित' असे छापलेले असेल तर अर्जदाराने आणि तिच्या घरच्यांनी त्यातून काय समजायचे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

संस्थेचे काम काय?

या क्षेत्रातील जुने उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे आहे. परदेशात शिकलेल्या नर्सेसची पात्रता तपासण्यासाठी १९७७ साली तिथे 'कमिशन ऑन ग्रॅज्युएट्स ऑफ फॉरेन नर्सिंग स्कूल्स' ही संस्था स्थापन झाली. ती सीजीएफएनएस या नावाने ओळखली जाई आणि २०२५ मध्ये तिने 'ट्रूमेरिट' हे नाव घेतले. अमेरिकेच्या १९९६ च्या स्थलांतरविषयक कायद्यानुसार परदेशी नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट आदींना नोकरीच्या व्हिसासाठी शिक्षण, परवाना व इंग्रजी भाषा यांची तपासणी झाल्याचा दाखला लागतो. तो देण्याचे काम ही संस्था करते. सौदी अरेबिया आणि दुबई येथील आरोग्य खात्यांनाही परवाना देण्यापूर्वी अशी तपासणी लागते. तिथे हे काम प्रामुख्याने 'डेटाफ्लो' ही कंपनी पाहते.

या कामाचा मूळ नियम एकच आहे. दाखल्याची खात्री अर्जदाराकडून नव्हे, तो देणाऱ्याकडून करून घ्यायची. पदवी महाविद्यालयाने दिली असेल तर महाविद्यालयाला विचारायचे. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची असेल तर कौन्सिलला.

यात चूक दोन प्रकारे होऊ शकते. खोटी पदवी खरी ठरली तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. खरी पदवी अडकून पडली तर किंमत अर्जदार मोजते. कर्ज काढलेले असते आणि हाती आलेली नोकरी जाते. गुणवत्ता व्यवस्थेने या दोन्ही चुका रोखायच्या असतात.

आयएसओ ९००१ म्हणजे काय?

आयएसओ ही १९४७ साली सुरू झालेली, जिनिव्हा येथे मुख्यालय असलेली मानके ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. गुणवत्ता व्यवस्थापनाचे ९००१ हे मानक तिने प्रथम १९८७ मध्ये काढले. पुढे १९९४, २०००, २००८ आणि २०१५ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात, आणि त्या संस्थांची पात्रता तपासणारी मान्यता मंडळे वेगळी असतात. भारतात असे मंडळ क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अंतर्गत काम करते. पहिले ऑडिट दोन टप्प्यांत होते, प्रमाणपत्राची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मध्ये दरवर्षी देखरेखीचे ऑडिट होते.

मानकाचा सारांश सोपा आहे: कामाची पद्धत ठरवा, तसेच काम करा, त्याचा पुरावा ठेवा, आणि चुकले तर कारण शोधून ते दूर करा.

कागदपत्र तपासणीला हे कसे लागू पडते?

१) ग्राहक कोण? शुल्क अर्जदार भरते, पण अहवाल रुग्णालय किंवा सरकार वापरते. दोघांच्या गरजा ओळखणे संस्थेला भाग आहे. 'ग्राहकाचे समाधान' याचा अर्थ अर्जदाराला हवा तसा अहवाल देणे असा नव्हे.

२) धोक्याचा आधी विचार. २०१५ च्या आवृत्तीने यावर भर दिला. बनावट गुणपत्रिका, बंद पडलेले महाविद्यालय, लग्नानंतर बदललेले नाव हे नेहमीचे धोके आहेत. 'शेख' हे एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हेने लिहिले जाते. शाळेच्या दाखल्यात एक, पासपोर्टमध्ये दुसरे. अशा वेळी काय करायचे, हे टेबलावरच्या कारकुनाच्या मर्जीवर न सोडता आधीच ठरलेले असावे लागते.

३) बाहेरून करून घेतलेले काम. भाषांतर, कुरिअर, एखाद्या देशातील स्थानिक चौकशी हे काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी संस्थेचीच राहते.

४) ग्राहकाची मालमत्ता. अर्जदाराने दिलेली कागदपत्रे आणि वैयक्तिक माहिती ही तिची मालमत्ता आहे. आपल्या भाषेत अमानत. ती हरवली वा खराब झाली तर तिला कळवणे आणि तशी नोंद ठेवणे मानकाने बंधनकारक केले आहे.

५) दुरुस्ती आणि सुधारणा. हा सर्वांत महत्त्वाचा भाग. समजा, अडकलेल्या शंभर फायलींपैकी चाळीस केवळ महाविद्यालयाचा शिक्का चुकीच्या जागी असल्यामुळे अडकल्या. चाळीस जणींना पत्र लिहून शिक्का पुन्हा मागवणे ही झाली दुरुस्ती. फॉर्मवर शिक्क्यासाठी ठळक चौकट छापणे आणि महाविद्यालयांना सूचना पाठवणे ही झाली सुधारणा. ऑडिटर ही दुसरी गोष्ट मागतो, कारण पहिलीने पुढच्या महिन्यात आणखी चाळीस फायली अडकायच्या थांबत नाहीत.

प्रमाणपत्र काय सांगत नाही?

आयएसओ ९००१ कामाच्या पद्धतीची ग्वाही देते. प्रत्येक अहवाल अचूक आहे असे ते सांगत नाही. नर्स कुशल आहे की नाही, हेही नाही. काम लवकर होईल अशी हमीही त्यात नाही. संस्थेने स्वतःच सहा महिन्यांची मुदत ठरवली आणि ती पाळली, तर ऑडिटर तिला दोष देणार नाही. मात्र आपण मुदत पाळतो की नाही याचे मोजमाप आणि तक्रारींची नोंद संस्थेला दाखवावी लागते. तसेच माहितीच्या सुरक्षेचे मानक २७००१ हे वेगळे आहे. एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

म्हणून प्रमाणपत्र दिसले की चार गोष्टी पाहाव्यात: ते देणाऱ्या संस्थेला मान्यता आहे का, मुदत संपली आहे का, पत्ता कोणत्या कार्यालयाचा आहे आणि कोणत्या कामासाठी ते दिले आहे. मुख्यालयाचे प्रमाणपत्र गल्लीतल्या एजंटाला लागू होत नाही. भारतातून परदेशी भरती करणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालील नोंदणी लागते. भिंतीवरचे आयएसओ त्या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

आपल्यासाठी धडा

फिलाडेल्फियातील संस्था कितीही शिस्तीची असली तरी तिची चौकशी शेवटी आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात येऊन थांबते. तिथे पंधरा वर्षांपूर्वीचे रजिस्टर सापडत नसेल किंवा पत्राची आवक नोंदलीच गेली नसेल, तर अमेरिकेतील प्रमाणपत्राचा त्या मुलीला काही उपयोग नाही. साखळीची आपल्या हातातली कडी ती आहे.

आपल्या समाजातील ट्रस्ट आणि संस्था नर्सिंग, फार्मसी व लॅब टेक्निशियनचे अभ्यासक्रम चालवतात. त्यांनी आयएसओ घ्यावे की नाही हा खर्चाचा प्रश्न आहे. पण पुढील कामे करायला प्रमाणपत्र लागत नाही:

• माजी विद्यार्थ्यांची प्रवेश, हजेरी, गुण आणि प्रात्यक्षिकाच्या तासांची रजिस्टरे जपून ठेवावीत व त्यांची दुसरी प्रत वेगळ्या जागी असावी.

• पडताळणीच्या पत्रांसाठी स्वतंत्र आवक-जावक नोंदवही ठेवावी आणि उत्तराची मुदत ठरवावी.

• हे काम एका व्यक्तीकडे सोपवावे आणि ती रजेवर असताना कोण पाहील, हेही लिहून ठेवावे.

• प्रवेशाच्या दिवशीच नावाचे रोमन स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी आणि असल्यास पासपोर्टशी पडताळावे. फरक असेल तर तेव्हाच दुरुस्त करावा.

• वर्षातून दोनदा, ते काम न करणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने दहा जुन्या फायली काढून पाहाव्यात. न सापडलेल्या प्रत्येक फाईलचे कारण लिहावे.

याला पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते. ज्या संस्थेच्या कार्यालयात जुनी नोंद मागताच मिळते, तिची विद्यार्थिनी परदेशी नोकरीच्या रांगेत निष्कारण मागे पडत नाही.