प्रशासकीय कायदा शिकताना इंटर्नशिप कशी आखावी

संविधान आणि प्रशासकीय कायदा हे पेपर पाठांतरावर निघून जातात. पण सरकारी आदेश कोणाच्या टेबलावर तयार होतो आणि पुढे कुठे टिकतो किंवा कोसळतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा विषय अंगवळणी पडत नाही. म्हणून माझा आग्रह असा: उच्च न्यायालयापासून सुरुवात करू नका, कचेरीपासून करा.

आधी आठवड्यांचा हिशेब मांडा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे इंटर्नशिप लागते, आणि ती एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. दर वर्षी एक महिना धरला की हिशेब जमतो. हजेरीची अट वेगळी असल्यामुळे काम सुट्टीतच करायचे. मात्र मे महिन्यात कॉलेजबरोबर उच्च न्यायालयालाही सुट्टी लागते. तेव्हा मे महिना कचेऱ्यांना द्या आणि न्यायालयासाठी हिवाळी सत्रपरीक्षेनंतरचे आठवडे राखून ठेवा.

पहिल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बऱ्याच ठिकाणी मानधन मिळत नाही; घरी राहून काम झाले तर निदान खोलीभाडे वाचते. अर्ज मराठीत, एक पानाचा असावा: वर्ष, विषय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. कॉलेजचे शिफारसपत्र जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पुढच्या वर्षी महसूल किंवा नगरपालिकेची प्रकरणे चालवणारा वकील गाठा. प्रांताच्या कोर्टातली अपिले बघा. फाईल हाताळायला मिळाली तर टिपण्या आणि पत्रव्यवहार दोन्ही वाचा. आदेशावरची सही वरिष्ठाची असते, पण कारणे खालच्या टिपणीत लिहिलेली असतात.

त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. 1991 पासून चालू असलेल्या या न्यायाधिकरणापुढे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्या, बढत्या, बडतर्फीची प्रकरणे चालतात. माझ्या मते सार्वजनिक कायदा शिकायला याहून चांगली जागा नाही. तिथे ज्यांच्याकडे जाल त्या वकिलांकडून एक ब्रीफ मागून घ्या आणि आधी तारखांचा तक्ता करा: आदेश कधी निघाला, कर्मचाऱ्याला कधी मिळाला, खात्याकडे अपील कधी केले, उत्तर कधी आले. 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमात अर्जासाठी साधारण एका वर्षाची मुदत आहे. पुष्कळ प्रकरणे या तक्त्यावरच अडतात. मग मूळ आदेश आणि सरकारचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून वाचा. आदेशात नसलेले कारण प्रतिज्ञापत्रात नव्याने आले असेल तर त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. अशी मागाहून जोडलेली कारणे आदेशाला तारू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल खटल्यात 1977 सालीच सांगितले आहे. पुस्तकातला हा निवाडा हातातल्या कागदावर सापडला की पुन्हा विसरत नाही.

उच्च न्यायालय शेवटच्या वर्षी. एल. चंद्रकुमार खटल्याच्या 1997 च्या निकालामुळे मॅटच्या निर्णयाविरुद्ध रिट तिथेच जाते, म्हणून शक्य तर मॅटमध्ये पाहिलेल्या प्रकारचेच प्रकरण निवडा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या मुलांना ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे. रोज सकाळी बोर्ड पाहून दोन प्रकरणे आधी वाचून जा, नुसते मागच्या बाकावर बसू नका.

डायरी त्याच दिवशी लिहा. पक्षकारांची नावे त्यात नकोत आणि कागदांचे फोटो मोबाईलवर अजिबात नकोत. हीच डायरी शेवटच्या सत्रात गुणांसाठी तपासली जाते.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे, आणि ती वर्षे तात्पुरत्या सनदेपासून मोजतात. शिकतानाच्या इंटर्नशिपचा एकही आठवडा त्यात धरला जात नाही.