जंप स्टार्टर घेताय? आधी चिमटे बघा

चारचाकीची बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीची वाट न पाहता जागच्या जागी सेल्फ मारता यावा, म्हणून हल्ली पुष्कळ जण पोर्टेबल जंप स्टार्टर घेऊन ठेवतात. पॉवर बँकेएवढी डबी, दोन चिमटे आणि खोक्यावर ठळक ‘2000 अँपिअर’. वस्तू उपयोगाचीच आहे, आमच्या गाडीत आजही असते. पण नुसता खोक्यावरचा आकडा पाहून घेतली तर नेमक्या वेळी काय होतं, ते आम्ही साखरप्याजवळ भर पावसात सोसलं आहे. म्हणून हे जरा सविस्तर.

गौरी-गणपती आटोपून आम्ही कोल्हापूरला परत निघालो होतो. गाडी डिझेलची, सणाचे सगळे दिवस अंगणात उभी. सासूबाईंची दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ ठरलेली. किल्ली फिरवली तर सेल्फची नुसती टकटक. पुन्हा फिरवली, तर डॅशबोर्डवरचे दिवेही गेले. धाकट्या दिरांनी मागच्याच महिन्यात जंप स्टार्टर आणून दिला होता, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. पण तो होता डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर चालणारं! बॅटरीत जीव नाही, म्हणून डिकी उघडेना. शेवटी मागची सीट पाडून मुलगी आत शिरली, तेव्हा तो हाती लागला.

डबीवरचे चारही दिवे लागले, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. चिमटे लावून सेल्फ मारला. इंजिन जेमतेम अर्धा फेरा फिरलं आणि डबी बंद पडली. थोडं थांबून पुन्हा तेच. तारेला हात लावला तर ती चांगलीच तापलेली, वर प्लास्टिक जळल्याचा वास. तिथेच थांबलो.

गावातला मेकॅनिक पिकअप घेऊन आला. त्याने आल्याआल्या जंपर केबल काढली नाही. आधी बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवून पाहिलं, त्यावर साचलेला पांढरट-हिरवट थर गरम पाण्याने धुतला, पान्याने नट आवळला आणि मगच केबल जोडली. काळा चिमटा त्याने आमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडी भागावर पकडला. गाडी लगेच सुरू झाली. निघताना आमची डबी हातात घेऊन म्हणाला, “वहिनी, एवढ्याशा वायरीतून दोन हजार अँपिअर जातील काय?”

त्याचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. साध्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना साधारण शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. डिझेल इंजिनात हवा कितीतरी जास्त दाबावी लागते, म्हणून त्याला याहून जास्त लागतात. खोक्यावरचा ‘पीक’ आकडा अगदी क्षणभराचा असतो, आणि तो कसा मोजला हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. कामाचा आकडा ‘स्टार्टिंग’ किंवा ‘क्रँकिंग’ करंटचा. तो छापलेलाच नसेल तर ती वस्तू घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. किती लिटरच्या पेट्रोल आणि किती लिटरच्या डिझेल इंजिनाला चालेल हेही पाहा, आणि आपल्या गाडीच्या एक पायरी वरचाच घ्या.

दुसरा चकवा एमएएचचा. 20000 एमएएच हा आकडा सहसा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने दिलेला असतो. म्हणजे एकूण 74 वॅट-अवर, आणि बारा व्होल्टला जेमतेम सहा अँपिअर-अवर. लहान मोटारीची बॅटरीसुद्धा 35 अँपिअर-अवरच्या आसपास असते. तेव्हा ही डबी बॅटरी भरून देत नाही, ती फक्त तीन-चार सेकंदांचा रेटा देते. त्या रेट्याला लागणारी ऊर्जा दोन-तीन वॅट-अवरच असते. साठा भरपूर असतो, पण तो एका दमात बाहेर पडला पाहिजे. ते काम आतले सेल आणि बाहेरची तार यांचं. म्हणून दुकानात चिमटे हातात घेऊन बघा. तार आखूड आणि निदान पेन्सिलीएवढी जाड हवी, स्प्रिंग कडक हवी, जबडे धातूचे आणि पकड घट्ट हवी. उलटे जोडले तर इशारा देऊन करंट अडवणारे चिमटेच घ्या.

बॅटरी अगदी शून्यावर गेली असेल तर असे चिमटे तिला ओळखत नाहीत. त्यासाठी ‘बूस्ट’ बटण असतं. ते दाबलं की संरक्षण बरंचसं बाजूला होतं, म्हणून दाबण्याआधी लाल-काळं पुन्हा एकदा तपासा.

जोडताना लाल चिमटा पॉझिटिव्हला. काळा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा चॅसिसच्या उघड्या धातूवर, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडू शकते. डबीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तिचं ऐका. सेल्फ पाच सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. गाडी सुरू झाली की आधी काळा, मग लाल चिमटा काढा. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर यातलं काहीच करू नका. बारा व्होल्टची डबी चोवीस व्होल्टच्या ट्रकला लावू नका. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी तर हे सगळं जास्तच मनावर घ्यावं, कारण त्यांची गाडी धक्का मारून सुरू होत नाही.

डबी डिकीत नको, पुढच्या सीटखाली ठेवा. उन्हाळ्यात मात्र तिथेही नको. विदर्भ-मराठवाड्यात उन्हात उभी केलेली गाडी आतून इतकी तापते की लिथियम सेल खराब होतात, फुगतात. एप्रिल-मेमध्ये डबी घरात ठेवा, प्रवासाला निघताना बरोबर घ्या. दर तीन महिन्यांनी चार्ज करा. आणि सगळं ठीक असताना एकदा घराच्या पार्किंगमध्ये जोडून पाहा, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. फुगलेली डबी चार्जिंगला लावू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ती ई-कचरा केंद्रात द्या.

आमच्या गाडीचं खरं दुखणं बॅटरीचंच होतं. कोल्हापूरला लोड टेस्टरवर लावली तेव्हा ती पार संपलेली निघाली, बदलावीच लागली. गाडी काही तास बंद राहिल्यावर चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसले पाहिजेत, तेवढे नसतील तर अल्टरनेटर दाखवून घ्या. बॅटरी तीन वर्षांच्या पुढे गेली असेल तर जंप स्टार्टर विकत घेण्याआधी एवढी तपासणी कराच. बॅटरीच्या दुकानात त्याला फार वेळ लागत नाही.