व्रत आणि व्यवहार : वसईच्या कॅथलिक मराठीचा एक विचार

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास बहुधा दोन ठिकाणी येऊन थांबतो : फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये छापलेले ‘क्रिस्तपुराण’ आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन. या दोहोंच्या मध्ये व नंतर वसई परिसरातील कॅथलिक समाजाने जी मराठी घडविली, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. याचे एक कारण वाङ्मयीन आहे. टिळक दांपत्याचे लेखन धर्मांतराच्या अनुभवातून उगवले. जुने घर, नवे घर आणि त्यांतील ताटातूट हे त्याला आपसूक लाभलेले कथासूत्र होय. वसईचा कॅथलिक मात्र पिढ्यान्पिढ्यांचा ख्रिस्ती. पोर्तुगिजांकडे वसई आली १५३४ मध्ये, ती मराठ्यांनी जिंकली १७३९ मध्ये; परकी सत्ता गेली तरी श्रद्धा राहिली. अशा माणसापुढचा प्रश्न धर्म स्वीकारावा कसा हा नसून, वारशाने आलेला धर्म सोमवार ते शनिवार पाळावा कसा, हा असतो. या प्रश्नातून आत्मचरित्र सहसा जन्मत नाही. जन्मते ते प्रवचन, स्फुट आणि ललित निबंध.

या मराठीच्या शब्दसंग्रहातच एक जुनी शेजारधर्माची खूण आहे. ‘पाद्री’, ‘क्रूस’, ‘मिस्सा’, ‘नाताळ’ हे शब्द पोर्तुगीजमधून आले; त्याच वाटेने ‘पाव’, ‘बटाटा’, ‘चावी’ आणि ‘पगार’ हेही आले. देवघर आणि स्वयंपाकघर यांची शब्दसंपदा एकाच गलबतातून उतरली, असे गमतीने म्हणता येईल. ‘नाताळ’ तर साऱ्या महाराष्ट्राचा झाला; ‘मिस्सा’ मात्र समाजापुरताच राहिला.

शब्द मराठी असला तरी त्याचा आशय हलतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘उपवास’. सर्वसाधारण मराठी वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर एकादशी, साबुदाणा, वरी ही पदार्थसृष्टी जागी होते. कॅथलिक शिस्तीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत : राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी एकच पूर्ण जेवण घेणे आणि ठराविक दिवशी मांस वर्ज्य करणे. मराठी बोलण्यात या दोहोंना बहुधा एकच ‘उपवास’ पुरतो. येथे समुद्रकाठची अडचण सुरू होते. मासळी या नियमानुसार निषिद्ध नाही. आणि ज्याच्या ताटात मासळी रोजचीच, त्याला मांसत्यागाने काय सोसावे लागते? त्यामुळे त्यागाचा अर्थ ताटाबाहेर शोधणे भाग पडते : मद्यात, लग्नखर्चात, भावकीतील अबोल्यात. नियमाचे अक्षर पाळूनही व्रत राहून जाते, ही जाणीव मराठी वाचकाला अपरिचित नाही. ‘सोवळे’ या शब्दाभोवती संतांनी हाच वाद मांडला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) या प्रश्नाला अधिकृत रूप दिले. १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाट करून दिली आणि लॅटिन मिस्सेच्या जागी मराठी मिस्सा आली. १९६५ च्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाने श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्यातील फारकतीला काळाच्या गंभीर चुकांत गणले. पहिल्या दस्तऐवजाचा परिणाम कानांना जाणवला; दुसऱ्याचा परिणाम मोजणे कठीण आहे. शिवाय जी लोकभाषा वेदीवर आली, ती घरची नव्हती. सामवेदी समाजाची कादोडी – जी तेथील ख्रिस्ती आणि ब्राह्मण दोघेही बोलतात – आणि वाडवळी या बोली घरात, शेतात व भांडणात राहिल्या. प्रार्थनेला प्रमाण मराठी मिळाली. देवाशी नीटस बोलावे, हा संकेत ‘क्रिस्तपुराणा’पासूनचा आहे, कारण स्टीफन्स यांनीही पुराणासाठी ओवी व ग्रंथभाषा निवडली आणि कोंकणी व्याकरणाचे काम वेगळे केले. संकेत जुना असल्याने तो निर्दोष ठरत नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या कार्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून आणि ‘हरित वसई’ चळवळीचे नेते म्हणून त्यांनी श्रद्धेचा विषय विहिरीपाशी नेऊन ठेवला. केळीच्या, फुलांच्या व विड्याच्या पानांच्या वाड्यांचे गोडे पाणी टँकरने विकले जाऊ लागले आणि जमिनी इमारतींखाली जाऊ लागल्या, तेव्हा पापनिवेदनात न येणारी एक बाब पुढे आली : जमीन विकणारा व पाणी विकणारा पुष्कळदा शेजारच्या बाकावर बसणाराच होता. पूर्वी सदसद्विवेकाची चौकशी घराच्या उंबरठ्याशी थांबत असे. आता ती सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत गेली. उस्मानाबाद येथील २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांना मिळाले तेव्हा काही ठिकाणी विरोध झाला. त्या वादात धर्मगुरूच्या झग्याची चर्चा झाली. त्यांच्या मराठीची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

या वाङ्मयाची उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही. स्फुट लेखनातही प्रवचनाचा सूर सुटत नाही. प्रसंग रंगात येतो आणि शेवटच्या परिच्छेदात उपदेश येऊन उभा राहतो. पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारात जाणारी बाई या लेखनात श्रमाची मूर्ती म्हणून येते. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी ती कसे बोलते, हे क्वचितच येते. वास्तविक तिची श्रद्धा कसाला लागते ती त्याच घासाघिशीत.

दरम्यान घराची भाषा पुन्हा बदलते आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू मिस्सेची इंग्रजी उत्तरे सहज देतो. आजी संध्याकाळची रोझरी मराठीत सुरू करते आणि मुले जेवायला यावीत म्हणून मध्येच कादोडीत हाक मारते.