स्पेक्ट्रम : एका घरगुती संगणकाचे आकर्षण

ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. त्याचीच ‘स्पेक्ट्रम प्लस’ ही सुधारित आवृत्ती पुढे परवान्याने भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली गेली. १९९२ साली मूळ मालिकेचे उत्पादन थांबले. तरीही या यंत्रासाठी आजही नवे प्रोग्राम लिहिले जातात. जुन्या खेळांची गोडी हे त्याचे एक कारण खरेच. परंतु त्याहून बलवत्तर कारण असे की, या यंत्राचा सारा कारभार एका माणसाला समजून घेता येतो.

पडद्यावरील चित्राचेच उदाहरण घ्यावे. स्पेक्ट्रमला स्वतःचा पडदा नसे. तो घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावा लागे. चित्रात आडवे २५६ व उभे १९२, म्हणजे एकूण ४९,१५२ बिंदू असत आणि रंग १५. एक रंग नोंदविण्यास ‘हो किंवा नाही’ अशा चार खुणा लागतात. आठ खुणांचा एक बाइट होतो. प्रत्येक बिंदूला स्वतंत्र रंग द्यावयाचा, तर २४,५७६ बाइट हवेत. स्वस्त नमुन्याची वापरावयाची स्मृती मात्र अवघी १६,३८४ बाइट होती!

यावर काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. प्रत्येक बिंदूसाठी एकच खूण ठेवली : पेटलेला की विझलेला. त्यास ६,१४४ बाइट पुरले. मग आठ बाय आठ बिंदूंचे ७६८ चौकोन कल्पून प्रत्येकास एक बाइट दिला. त्यातील तीन खुणा शाईच्या रंगाच्या, तीन कागदाच्या, एक उजळपणाची व एक लुकलुकण्याची. एकूण ६,९१२ बाइटांत रंगीत चित्र बसले. अर्थात काटकसरीची किंमत द्यावी लागली. एका चौकोनात दोनच रंग राहू शकत. हिरव्या झाडापुढून पिवळे पाखरू उडाले की झाडाचा तुकडाही पिवळा होई. कुशल प्रोग्रामकारांनी चित्रे अशी बेतली की, हा दोष नजरेत भरू नये.

रंगांचे क्रमांकही विचारपूर्वक दिलेले होते : काळा शून्य, निळा एक, तांबडा दोन, याप्रमाणे पांढऱ्यापर्यंत सात. कृष्णधवल संचावर याच क्रमाने करड्या रंगाच्या चढत्या छटा उमटत.

प्रोग्राम साध्या ध्वनिफितीवर साठवीत. ‘एक’ या खुणेचे स्पंद ‘शून्या’च्या स्पंदांहून दुप्पट लांब असत. फीत वाजू लागली की प्रथम रंगहीन चित्र रेघारेघांनी उमटे आणि शेवटच्या काही सेकंदांत वरून खाली रंग चढत. स्मृतीत काय कोठे जाते हे डोळ्यांनी दिसे. असा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. अंतर्गत प्रोग्रामही १६,३८४ बाइटांचाच होता. इयान लोगन व फ्रँक ओहारा यांनी तो संपूर्ण उलगडून १९८३ साली पुस्तकरूपाने छापला.

यंत्र निर्दोष नव्हते. रबरी कळांवर लिहिणे कष्टाचे होते आणि आवाज किरटा होता. आता त्या कळांखालची पातळ पटले ठिसूळ होऊन तुटतात, संधारित्रे सुकतात. म्हणून हौशी मंडळी नवी पटले बसवितात, ध्वनिफितींतील मजकूर उतरवून ठेवतात. १९८२ चे जुने प्रोग्राम चालविणाऱ्या ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ या नव्या यंत्रासाठी २०१७ साली लोकांनीच आगाऊ पैसे भरले. पहिली यंत्रे त्यांच्या हाती पडली २०२० मध्ये.