शिलारसाचा कोठा

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर गावात एळुत्तरिनाथाचं प्राचीन शिवमंदिर आहे. पुण्यात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेली मावशी आणि तिच्याकडे सुटीत आलेली मुक्ता, दोघी दर्शन आटोपून प्राकारात टेकल्या होत्या.

मुक्ता : मावशी, आपल्याकडची जुनी देवळं काळ्या दगडाची, इथली करडी, ठिपक्याठिपक्यांची. असं का?

मावशी : दगड वेगळा, पण कूळ एकच. दोन्ही शिलारसातून, म्हणजे मॅग्मातून आलेले. कावेरीच्या या गाळात कितीही खणलं तरी बांधकामाचा दगड मिळायचा नाही. इथल्या देवळांसाठी तो बाहेरून आणावा लागला. हा ग्रॅनाइट आणि दाबाखाली रूप पालटलेली त्याची भावंडं. डोळा अगदी जवळ ने. पांढरट फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, काळ्या अभ्रकाच्या चकत्या. एकेक कण सुटा दिसतो ना? कण एवढे वाढायला रस जमिनीखाली काही किलोमीटरवर फार सावकाश निवावा लागतो. सह्याद्रीचा बेसाल्ट बाहेर येऊन पटकन थिजला, म्हणून त्याचे बहुतेक कण भिंगाशिवाय दिसत नाहीत.

मुक्ता : म्हणजे ग्रॅनाइट ज्वालामुखीतून आलाच नाही?

मावशी : नाही. बहुतेक शिलारस वर येतच नाही, वाटेतच थिजतो. उद्रेक हा अपवाद आहे. तो का घडतो, हा खरा प्रश्न.

मुक्ता : पण पृथ्वीच्या पोटात तर वितळलेल्या खडकाचा समुद्रच असतो ना?

मावशी : ते चित्र मनातून काढून टाक. कवचाखालचं प्रावरण घन आहे. 100 किलोमीटर खाली उष्णता भरपूर असते, पण दाब इथल्या हवेच्या सुमारे 30,000 पट. तो खडकाला वितळू देत नाही. तापलेला खडक वर सरकला की दाब उतरतो, उष्णता मात्र फारशी कमी होत नाही, आणि खडकाचा थोडा भाग वितळतो. सह्याद्रीचंच बघ. 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्या रियुनियन बेटाच्या आसपासच्या भागावरून सरकत होता. तिथे प्रावरणाचा तापलेला झोत वर चढत होता, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यातून सुटलेला रस भोवतालच्या खडकाहून हलका, म्हणून तो चढला. कवचातला खडक मात्र जवळपास त्याच्याइतकाच हलका. तिथे चढण मंदावते आणि रस साठतो. हाच शिलारसाचा कोठा.

मुक्ता : म्हणजे धगधगता तलाव?

मावशी : तलाव क्वचितच. पाकात पडलेली बुंदी डोळ्यांपुढे आण. कळ्यांची दाटी झाली की भांडं तिरकं केलं तरी काही ओघळत नाही. कोठ्यातही स्फटिक निम्म्याच्या आसपास गेले की ते एकमेकांत अडकतात, रस वाहू शकत नाही. खालून नवा तप्त रस आला तरच काही स्फटिक वितळून तो पुन्हा मोकळा होतो.

मुक्ता : याचा पुरावा?

मावशी : कसाऱ्याच्या थळ घाटात, मंचरच्या परिसरात काही बेसाल्ट थरांमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचे पांढरट स्फटिक आहेत, बोटाच्या पेराएवढे, काही त्याहून मोठे. बाहेर आलेला लाव्हा एवढा वेळ देत नाही. ते कोठ्यातच वाढले आणि नंतर रसाबरोबर वर फेकले गेले.

मुक्ता : मग कोठा फुटतो कसा?

मावशी : दाबाने. नवा रस घुसतो. शिवाय स्फटिक बनताना पाणी नि कार्बन डायऑक्साइड सहसा त्यात जात नाहीत, उरलेल्या रसात त्यांचं प्रमाण वाढत जातं आणि बुडबुडे सुटू लागतात. जादा दाब भोवतालच्या खडकाच्या ताकदीपेक्षा वाढला की छताला चीर पडते आणि रस तिच्यात घुसतो. नंदुरबार-धुळे भागात अशा चिरांत थिजलेल्या रसाच्या भित्ती आजही उभ्या आहेत, काही 50 किलोमीटरहून लांब. दख्खनचा लाव्हा मुख्यतः अशा लांबलचक भेगांतून आला.

मुक्ता : स्फोट होऊन?

मावशी : बहुतांशी वाहून. त्याचं कारण रसाच्या चिकटपणात आहे. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के, तापमान 1100 ते 1200 अंश सेल्सिअस. असा रस पातळ, त्यातून वायू सहज निसटतो. म्हणूनच काही लाव्हा वरची साय थिजवून तिच्याखालून हजारेक किलोमीटर वाहत आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोहोचला. आज दख्खनचा लाव्हा जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. सिलिका 70 टक्क्यांवर गेली की रस लाखो पट चिकट होतो, बुडबुडे अडकतात. वर येताना दाब उतरतो तसे ते फुगतात. वजनाने 5 टक्के पाणी असलेल्या एक घनमीटर रसातली वाफ बाहेरच्या हवेत सुमारे 600 घनमीटर जागा घेते. मग रसाच्या चिंधड्या उडून राख होते. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची 74,000 वर्षांपूर्वीची राख भारतातही सापडते.

मुक्ता : सह्याद्री पुन्हा पेटेल का?

मावशी : नाही. ती उष्णता मागे राहिली, भारत पुढे सरकला. रियुनियनचा पितों दे ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही धुमसतो. आपल्याकडे जागा आहे तो अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षं गप्प राहून तो 1991 मध्ये पुन्हा उफाळला.

मुक्ता : उद्रेक आधी कळतो?

मावशी : पुष्कळदा, कोठ्यावर लक्ष ठेवलं तर. रस हलला की बारीक भूकंप होतात, जमीन फुगते, वायूंचं प्रमाण बदलतं. त्याच 1991 मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबोखाली हादरे वाढले, गंधकाचा वायू कित्येक पटींनी वाढला. शास्त्रज्ञांनी इशारा दिला, हजारो माणसं हलवली गेली आणि 15 जूनला डोंगर फुटला. तरीही माणसं दगावली, पण इशारा नसता तर मृतांचा आकडा कितीतरी मोठा असता. हे सगळं मला नुसतं जुन्या काळाचं कुतूहल वाटत नाही, ते एवढ्याचसाठी. कोठ्यात काय चाललंय हे वाचता येणं म्हणजे पायथ्याशी राहणाऱ्यांना घर सोडायला वेळ मिळणं.