प्रवासी परिचारिकेचें पहिलें पाऊल

आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुली परिचारिकेचें शिक्षण घेऊन बाहेर पडल्या आहेत. जवळच्या इस्पितळांत कांहीं वर्षें काम केल्यावर त्यांपैकीं कित्येकींचे डोळे अमेरिकेकडे लागतात. त्या देशांत 'प्रवासी परिचारिका' म्हणून काम करण्याची एक रीत आहे, व तिच्याविषयीं घरोघर दोनच गोष्टी बोलल्या जातात: पगार मोठा असतो, आणि देश पाहावयास मिळतो. या दोन्हीं गोष्टींत तथ्य आहे. परंतु तिसरी एक गोष्ट आहे, ती क्वचितच कोणी सांगतो, आणि रोग्याचा जीव तिच्यावरच अवलंबून असतो. आजच्या धड्यांत ती समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न करणार आहों.

१. हें काम कसलें?

शाळेचा मास्तर लांब रजेवर गेला म्हणजे बदली मास्तर येतो. त्यास मुलांची नांवें ठाऊक नसतात, खडू कोठें ठेवतात हें माहीत नसतें. तथापि पहिल्या दिवसापासून वर्ग त्यालाच चालवावा लागतो. प्रवासी परिचारिकेची गोष्ट अशीच आहे. एखाद्या इस्पितळांत हिंवाळ्यांत रोग्यांची गर्दी होते, किंवा तेथल्या परिचारिका बाळंतपणाच्या रजेवर जातात, किंवा जागा भरावयास माणसें मिळत नाहींत. अशा वेळीं इस्पितळ एखाद्या एजन्सीकडे मागणी करतें, आणि ती एजन्सी दुसऱ्या गांवची परिचारिका ठराविक मुदतीसाठीं पाठविते. ही मुदत बहुधा १३ आठवड्यांची असते. आठवड्यास १२ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे ३६ तास काम, हा सर्वसाधारण नियम आहे.

या रीतीचा आरंभ १९७८ सालीं न्यू ऑर्लिन्स शहरांत झाला असें सांगतात. तेथें दरवर्षीं मोठा उत्सव भरतो, व त्या गर्दींत इस्पितळांना आपल्या माणसांवर भागवितां येईना, म्हणून बाहेरून परिचारिका आणण्यांत आल्या. पुढें २०२० व २०२१ सालीं करोनाच्या सांथींत या परिचारिकांची मागणी अतोनात वाढली, व त्यांचे पगारही फार चढले. सांथ ओसरल्यावर ते पुन्हां उतरले. त्या दोन वर्षांतले आंकडे ऐकून जी कोणी आज निघेल तिची निराशा होईल, हें प्रथमच लक्षांत ठेवावें.

२. निघण्यापूर्वीं

(अ) अनुभव. ज्या प्रकारच्या वार्डांत काम करावयाचें त्याच प्रकारच्या वार्डांत निदान एक-दोन वर्षें काम केलेलें असावें, अशी बहुतेक एजन्सींची अट असते. तिचें कारण सरळ आहे. नव्या इस्पितळांत तिला माहिती देण्यास एक-दोन पाळ्यांहून अधिक वेळ बहुधा मिळत नाहीं. तेवढ्या वेळांत औषधांची खोली कोणती व संगणकावर नोंद कशी करावी एवढेंच शिकवितात. शुश्रूषा कशी करावी हें कोणी शिकवीत नाहीं. तें तिनें बरोबर घेऊन यावयाचें असतें.

(आ) परवाना. अमेरिकेंत प्रत्येक राज्य परिचारिकेस आपापला परवाना देतें. ही अडचण कमी करण्यासाठीं कांहीं राज्यांनीं २००० सालापासून आपसांत एक करार अमलांत आणला; २०१८ सालीं तो नव्या स्वरूपांत सुरू झाला, व आतां चाळीस किंवा अधिक राज्यें त्यांत आहेत. जिचें कायमचें घर अशा राज्यांत आहे, तिला एकाच परवान्यावर या सर्व राज्यांत काम करतां येतें. कॅलिफोर्निया मात्र या करारांत नाहीं; तेथें वेगळाच परवाना काढावा लागतो. शिवाय परवाना कोठलाही असो, ज्या राज्यांत रोगी आहे त्याच राज्याचे नियम पाळावे लागतात.

(इ) करारपत्र. सही करण्यापूर्वीं तें शेवटच्या ओळीपर्यंत वाचावें. पगाराचे बहुधा दोन भाग असतात: एक तासांप्रमाणें मिळणारी मजुरी, तिच्यावर कर बसतो, दुसरा राहण्याखाण्याचा भत्ता. आपलें कायमचें घर दुसरीकडे खरोखर चालू असेल, त्याचा खर्च आपणच सोसत असूं, आणि काम तात्पुरतें असेल, तरच त्या भत्त्यावरील कर माफ होतो. एकाच ठिकाणीं वर्षाहून अधिक राहण्याचें ठरलें तर तें काम तात्पुरतें धरीत नाहींत. याखेरीज चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्या. रोगी कमी झाले म्हणून घरीं पाठविल्यास त्या तासांचे पैसे मिळतील काय? इस्पितळानें मुदतीपूर्वीं करार मोडला तर काय? आपण मोडला तर काय? आणि आपल्या वार्डाबाहेर कोणकोणत्या वार्डांत पाठविण्याचा त्यांस अधिकार आहे? माणूस कमी पडलें कीं दुसऱ्या वार्डांत जाण्याची पाळी पुष्कळ ठिकाणीं प्रथम प्रवासी परिचारिकेवरच येते.

एका परिचारिकेकडे किती रोगी देतात हेंही अगोदर विचारावें. कॅलिफोर्नियांत १९९९ च्या कायद्यानें हा आंकडा बांधून दिला आहे. २००४ पासून तो लागू झाला. अत्यवस्थ रोग्यांच्या वार्डांत एकीकडे दोहोंहून अधिक रोगी देतां येत नाहींत, आणि औषधोपचार व शस्त्रक्रिया यांच्या साधारण वार्डांत २००५ पासून पांचांहून अधिक नाहींत. पुष्कळ राज्यांत असा आंकडा कायद्यानें ठरविलेला नाहीं.

(ई) गांवच्या आईबापांस एक सूचना. भारतांत शिकलेल्या मुलीस अमेरिकेंत काम करण्यापूर्वीं एनक्लेक्स नांवाची परीक्षा उतरावी लागते, आपलें शिक्षण व इंग्रजीचें ज्ञान यांविषयीं खात्री पटवावी लागते, आणि व्हिसासाठीं बहुधा वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. तेरा आठवड्यांच्या कामासाठीं सरळ आमच्या गांवांतून मुली बोलावून नेण्याची रीत नाहीं. तेथें जाऊन एका ठिकाणीं कांहीं काळ काम केल्यावरच हा मार्ग उघडतो. म्हणून कोणी अडत्या येऊन "पैसे भरा, दोन महिन्यांत पाठवितों" असें म्हणूं लागला, तर शेत गहाण टाकूं नका.

३. पिवळ्या पट्टीची गोष्ट

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. २००५ सालीं अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यांतील रोग्यांच्या सुरक्षिततेविषयींच्या एका पत्रकांत पुढील हकीकत प्रसिद्ध झाली. एका इस्पितळांत एका रोग्याचें हृदय बंद पडलें. मदतीस धांवून आलेल्या मंडळींनीं त्याच्या मनगटावर पिवळी पट्टी पाहिली. त्या इस्पितळांत पिवळ्या पट्टीचा अर्थ असा होता कीं, हृदय बंद पडल्यास या रोग्यास पुन्हां सावध करण्याचा यत्न करूं नये. कित्येक रोग्यांच्या बाबतींत असा हुकूम अगोदरच लिहून ठेवलेला असतो. परंतु या रोग्याच्या बाबतींत तसा हुकूम नव्हता.

मग ती पट्टी आली कोठून? ती एका परिचारिकेनें बांधली होती. ती जवळच्या दुसऱ्या एका इस्पितळांतही काम करीत असे, आणि तेथें पिवळ्या पट्टीचा अर्थ 'या हातांतून रक्त काढूं नये, या हातास सुई टोंचूं नये' एवढाच होता. तेवढेंच सांगण्याच्या हेतूनें तिनें ती बांधली. मदत करणारांचे हात आंखडण्याच्या बेतांत होते, इतक्यांत दुसऱ्या एकाच्या ध्यानांत ती चूक आली, व तो रोगी वांचला.

वाचकहो, येथें थोडें थांबून विचार करा. ती परिचारिका आळशी नव्हती, अडाणीही नव्हती. रोग्याच्या हातास इजा होऊं नये म्हणून तिनें काळजीनेंच ती पट्टी बांधली. चूक तिच्या अज्ञानांतून झाली नाहीं, तर ज्ञानांतून झाली. तें ज्ञान दुसऱ्या घरचें होतें, एवढेंच. एका गांवीं मंदिराची घंटा सावकाश वाजली म्हणजे कोणी वारलें असें समजतात, आणि दुसऱ्या गांवीं तीच घंटा उपासनेस बोलाविते. घंटा तीच असली तरी अर्थ गांवाचा असतो.

या व अशा हकीकतींनंतर पुष्कळ राज्यांनीं पट्ट्यांचे रंग एकसारखे करण्याचें मनावर घेतलें, आणि २००८ सालीं अमेरिकेंतील इस्पितळांच्या मोठ्या संघानें सर्वांस तशी शिफारस केली: लाल पट्टी म्हणजे एखादें औषध वगैरे सोसत नाहीं, पिवळी म्हणजे रोगी पडण्याचें भय आहे, जांभळी म्हणजे पुन्हां सावध करण्याचा यत्न करूं नये. म्हणजे एकट्या पिवळ्या रंगाचे या एका गोष्टींतच तीन अर्थ झाले. तेव्हां जी परिचारिका वर्षांत चार इस्पितळें पाहते तिनें "मला माहीत आहे" असें म्हणण्यापूर्वीं "येथें याचा अर्थ काय?" असें विचारावें. हाच या धड्याचा गाभा होय.

४. पहिल्या पाळींत काय विचारावें?

एक लहान वही खिशांत ठेवावी, आणि पुढील गोष्टींचीं उत्तरें पहिल्याच पाळींत लिहून घ्यावीं:

हृदय बंद पडल्यास कोणत्या क्रमांकावर बोलवावें? हा क्रमांक सर्व इस्पितळांत एकच नसतो. त्या वेळीं लागणारें सामान कोठें आहे? नुसतें ऐकूं नये. तेथवर चालत जाऊन डोळ्यांनीं पाहून यावें.

येथें पट्ट्यांचे रंग कोणते, व रोग्यास सावध करूं नये असा हुकूम नोंदींत कोठें पाहावयाचा?

इन्सुलिन व रक्त पातळ करणारें हेपरिन यांसारखीं जोखमीचीं औषधें देण्यापूर्वीं दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घेण्याची येथें काय रीत आहे?

रात्रीं डॉक्टरास कसें बोलवावें? त्यानें उत्तर न दिल्यास कोणाकडे जावें?

कांहीं गोष्टी मात्र कोठेंही बदलत नाहींत. रोगी तोच, औषध तेंच, मात्रा तीच, मार्ग तोच, वेळ तीच, हे पांच ताळे प्रत्येक वेळीं पाहावे. रोग्याची ओळख दोन खुणांनीं पटवावी, जसें नांव व जन्मतारीख. खोलीचा किंवा खाटेचा क्रमांक ही खूण धरूं नये, कारण खाट बदलते. तोंडी हुकूम मिळाला तर तो लिहून, पुन्हां वाचून दाखवावा. परक्या घरीं या जुन्या शिस्तीच तिचें रक्षण करितात.

५. लाज व अभिमान

विचारणें सोपें दिसतें, तरी तें जड जातें. जिला सारा वार्ड "ही पगार घेऊन मदतीस आलेली" म्हणून पाहतो तिला वाटतें, मी विचारलें तर लोक म्हणतील, हिला येत कांहीं नाहीं. पण अनुभवी माणसें उलटेंच सांगतात. पहिल्या दिवशीं वीस प्रश्न विचारणारीवर विश्वास ठेवावा, आणि एकही न विचारणारीवर नजर ठेवावी.

दुसरी कठीण वेळ येते ती अशी. तिला न येणाऱ्या वार्डांत पाठवितात, जसें मोठ्यांची शुश्रूषा करणारीस तान्ह्या बाळांकडे. अशा वेळीं तिनें रोगी ताब्यांत घेण्यापूर्वींच नम्रपणें पण स्पष्ट सांगावें, "हें काम मीं केलेलें नाहीं, अमुक कामांत मदत करीन, पण या रोग्यांची सर्व जबाबदारी घेऊं शकत नाहीं." एकदां रोगी स्वीकारल्यावर दुसरीच्या हवालीं न करतां निघून जाणें हा रोग्यास टाकून जाण्याचा अपराध मानतात, आणि त्यापायीं परवाना जाऊं शकतो. नाहीं म्हणण्याची वेळ आरंभींच असते.

६. वार्डाबाहेर

राहण्याची जागा न पाहतां पैसे पाठवूं नयेत. छायाचित्र दुसऱ्याच्या घराचें दाखवून अनामत रक्कम उकळणारे ठक तेथेंही आहेत. पहिल्या कराराचें ठिकाण फार दूर निवडूं नये. एकटेपण येतेंच, रात्रपाळी करून दिवसा परक्या खोलींत निजणारीस घरची आठवण अधिक होते. म्हणून घरच्यांनीं केवळ पैशांची चौकशी करूं नये, "आज कोणी हांक मारून तुला जेवावयास बोलाविलें काय?" हेंही विचारावें.

तेरा आठवडे लवकर सरतात. ज्या वार्डांत ती अनोळखी म्हणून शिरली, तेथें आतां पट्टीचा रंग, सामानाची जागा, डॉक्टरांचे स्वभाव सर्व तिला पाठ झालेलें असतें. आणि नेमक्या त्याच दिवशीं तिनें तें मागें ठेवून, पुढच्या दारीं पुन्हां नवखी होऊन उभें राहावयाचें असतें. जिला हें साधतें तीच खरी प्रवासी परिचारिका.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. पिवळी पट्टी बांधणाऱ्या परिचारिकेची चूक अज्ञानानें झाली कीं सवयीनें? कारण सांगा.

२. आपण नव्या गांवीं कामास गेलों असतां जुन्या गांवच्या कोणत्या सवयी न विचारतां लागू केल्या?

३. रोगी स्वीकारण्यापूर्वीं नाहीं म्हणणें व स्वीकारल्यावर सोडून जाणें यांत काय भेद आहे?

४. आपल्या गांवांतील कोणी मुलगी परदेशीं जाण्याच्या विचारांत असल्यास, पैसे भरण्यापूर्वीं तिच्या आईबापांनीं अडत्यास कोणते तीन प्रश्न विचारावे?